मधल्या पिढीची कार्डे

पडद्यावर चित्र मांडणाऱ्या वेलँड प्रोटोकॉलवर चालणाऱ्या लिनक्स डेस्कटॉपचा सर्वांत त्रासदायक दोष 2024 च्या मध्यास दूर झाला. भाषणाचा आरंभ त्या दोषापासूनच करणे योग्य, कारण या संमेलनाच्या अध्यक्षांची जुनी तक्रार त्याच्याच पोटात आहे.

एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डांवर, विशेषतः एक्स11 या जुन्या प्रणालीसाठी लिहिलेल्या आणि एक्सवेलँडमधून चालणाऱ्या प्रोग्रामांत, पडदा लुकलुकत असे. टाइप केलेले अक्षर उमटे, नाहीसे होई, मागचीच फ्रेम पुन्हा दिसे. कार्डाचे चित्र काढून झाले की नाही, हे खिडक्या एकत्र जुळवणाऱ्या कंपोझिटरला कळल्याशिवाय ते पडद्यावर आणता येत नाही. मेसाचे खुले ड्रायव्हर ही खूण कर्नलमार्फत बफरलाच जोडून देत. एनव्हीडियाचा बंदिस्त ड्रायव्हर तशी देत नसे. मार्च 2024 मध्ये वेलँडच्या प्रोटोकॉलांत एक्स्प्लिसिट सिंक आले. चित्र कधी तयार झाले आणि बफर कधी मोकळा झाला, हे आता दोन्ही बाजू एकमेकींना उघडपणे कळवतात. एक्सवेलँड 24.1, प्लाझ्मा 6.1 डेस्कटॉप आणि एनव्हीडियाचा 555 ड्रायव्हर काही आठवड्यांच्या अंतराने आले आणि लुकलुक थांबली.

दोष वेलँडचा की ड्रायव्हरचा, यावर सहकारी वर्षानुवर्षे भांडत आले. अध्यक्षांच्या मते तो वाद एका डीटीपी व्यावसायिकाच्या संगणकाने मिटवला. कार्ड जुने, मॉनिटर तोच, केबल तीच. एक्स11 वर सारे सुरळीत, वेलँडवर मात्र जोडाक्षर जुळवताना पडदा थरथरे. वरचे तिन्ही घटक अद्ययावत झाले आणि त्याच संगणकावर अख्खे पुस्तक निर्वेध लागले. दोष कोणा एकाचा नव्हता. दोघांमध्ये करारच नव्हता.

उरलेले दोष थोडक्यात. 125 किंवा 150 टक्के स्केलिंगवर एक्सवेलँडमधले प्रोग्राम अनेकदा धूसर दिसतात. देवनागरीत शिरोरेषा फुगते आणि अनुस्वार तिला चिकटतो. एचडीआरसाठी लागणारा रंगव्यवस्थापनाचा प्रोटोकॉल 2025 मध्ये मंजूर झाला, पण त्याचा आधार अजून सर्वत्र सारखा नाही. एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय 2.1 आणण्याचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने 2024 मध्ये नाकारला.

हे सारे कधी ना कधी सुटेल. सुटणार नाही तो प्रश्न मधल्या पिढीच्या कार्डांचा. जीफोर्स 900 मालिकेपासून एनव्हीडियाने कार्डाचे फर्मवेअर स्वाक्षरीबंद केले. त्यामुळे नूवो या खुल्या ड्रायव्हरला कार्डाचा वेग वाढवता येत नाही. संगणक सुरू होतानाच्या मंद गतीवरच ते राबते. 2018 च्या ट्युरिंग पिढीपासून जीएसपी नावाचा प्रोसेसर कार्डावरच आला, लिनक्स 6.7 पासून नूवो त्याच्या आधाराने चालू लागला आणि कंपनीचे खुले कर्नल मॉड्यूलही याच पिढीपासून पुढे चालतात. जीफोर्स 900 आणि 1000 या मालिका मधेच अडकल्या: जुन्यांचे स्वातंत्र्य नाही, नव्यांची सोय नाही. त्यांच्यासाठी बंदिस्त ड्रायव्हरची 580 ही शेवटची शाखा. म्हणजे ज्या कार्डांचा आजार 555 ने बरा केला, त्यांचेच औषध पुढे बंद झाले. 2012 च्या रेडिऑन एचडी 7000 मालिकेला मात्र मेसाचा खुला ड्रायव्हर आजही सांभाळतो.

हा अन्याय आहे, आणि सुरक्षेचे कारण पुढे करून तो झाकता येत नाही. विक्री थांबलेल्या कार्डाचा वेग बदलण्याचा अधिकार त्याच्या मालकाला मिळाला पाहिजे. स्वाक्षरी केलेले तेवढे फर्मवेअर देणे कंपनीला अशक्य नाही. नव्या कार्डांवरील आकड्यांच्या आनंदात ही मागणी दरवर्षी मागे पडते.

पुढील कामासाठी संमेलनाने एक लहान गट नेमावा. जुन्या कार्डांवर प्रत्येक अद्यतनाची चाचणी, देवनागरी मजकुराचे नमुने आणि फर्मवेअरसाठी एक संयुक्त निवेदन ही त्याची कामे. निवेदनाचा मसुदा आणि गटाची रचना कार्यकारिणीने ठरवावी.