मुलांना हात लावू द्या

(वर्षावासानिमित्त नाशिक येथे संस्थेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात आपल्या विहारात सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. आज त्या जागी लहान मुलांविषयी, पक्ष्यांविषयी आणि डासांच्या अळ्यांविषयी बोलण्यास संस्थेने आम्हांला उभे केले आहे. काही वडीलधाऱ्यांना वाटेल की विषय भलतीकडेच गेला. पण वर्षावासाची सुरुवात मुळी किडामुंग्यांवरूनच झालेली आहे. विनयपिटकात ती हकीकत आहे. भर पावसातही भिक्खू चारिका करीत हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव त्यांच्या पायांखाली मरतात, अशी लोकांची तक्रार आली. तेव्हा भगवंतांनी पावसाळ्यात तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला.

आपल्या नाशिकला तर या वर्षावासाचा हिशेबच दगडावर कोरलेला आहे. त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे त्याने दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. त्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. आम्ही सातवी-आठवीच्या मुलांना लेण्यात नेऊन हे सांगितले आणि म्हटले, “हिशेब जुळतो का पाहा.” मुलांनी तिथेच वहीत आकडेमोड केली. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीस! एक मुलगी टाळ्या वाजवून ओरडली, “सर, बरोबर आहे हो!” शाळेत व्याजाची गणिते पाहून रडकुंडीला येणारी हीच मुलगी होती. त्या दिवसापासून आमच्या डोक्यात हे घोळू लागले की मुलाला नुसते सांगणे वेगळे आणि त्याला स्वतः पडताळू देणे वेगळे.

बंधूंनो, ‘हात लावू नको’ या तीन शब्दांनी आपल्या वाडवडिलांचे आयुष्य खाल्ले. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३० साली २ मार्चला याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने लढवला. ते दिवस आज नाहीत. पण आपली मुले शाळेच्या प्रयोगशाळेत जातात तेव्हा त्यांच्या कानावर काय पडते? “हात लावू नका, फुटेल.” आमच्या माहितीतल्या एका शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, तो कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे. मुले दहावी होऊन बाहेर पडतात, प्रयोगवहीत कांद्याच्या पेशींची सुंदर आकृती असते आणि पेशी कोणी पाहिलेली नसते. ती आकृती मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली असते. शिक्षकांचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणणार नाही. वस्तू फुटली तर भरपाई त्यांच्याच माथी येते. पण ज्याच्या घरी खेळण्यांचे कपाट आहे त्या मुलाचे यात फारसे बिघडत नाही. ज्याच्या घरी काहीच नाही, त्याचे सगळे बिघडते.

मग साहित्य आणायचे कोठून? याचे उत्तर एका इंजिनिअराने दिले आहे. श्री. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.तून शिकून पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करीत होते. १९७८ साली वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. हा कार्यक्रम १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झाला होता. प्रयोगाशिवाय धडा नाही असा त्याचा बाणा होता. तीस वर्षे चालून २००२ साली तो सरकारने बंद केला, हे दुर्दैव. तेथे गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढ्यावर भूमिती उभी केली. पुढे पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत.

आम्ही त्यांचाच धडा गिरवला. नळीचे बारीक तुकडे करून त्यांत काड्या खोचल्या, एक चौकोन आणि एक त्रिकोण केला. चौकोन बोटाने दाबला की कलतो. त्रिकोण जागचा हलत नाही. एवढे झाल्यावर एका मुलाने खिडकीबाहेर बोट दाखवले. समोरच्या पत्र्याच्या शेडच्या कैच्या त्रिकोणाच्या होत्या. त्याचे वडील वेल्डिंगचे काम करतात. त्याला ते आधीपासून माहीत होते, फक्त ते ‘विज्ञान’ आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आता अळ्यांची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगतो, कारण तीत आमचीही परीक्षा झाली.

पावसाळ्यात वस्तीत डेंग्यूचे रुग्ण निघतात. भिंतीवर सूचना लागते, लोक वाचतात आणि पुढे जातात. आम्ही मुलांना सांगितले की घराजवळच्या साचलेल्या पाण्यातून वळवळणाऱ्या अळ्या आणा. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ते पाणी ओतले, तोंडाला जुन्या साडीचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधला आणि बरणी खिडकीत ठेवली. मुलांनी रोज पाहायचे, रोज वहीत काढायचे. दुसऱ्याच दिवशी शोध लागला की अळ्या डोके खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाला लटकतात. हे उलटे लटकणे कशासाठी? बरणीवर हाताची सावली धरली की सगळ्या तळाला पळतात. थोड्या वेळाने एकेक वर येते. “सर, श्वास घ्यायला येतात. शेपटीकडे नळी आहे.” हे आम्ही सांगितलेले नव्हते. पुढे अळीचा स्वल्पविरामासारखा कोष झाला आणि आठ-दहा दिवसांत कोष फोडून डास बाहेर पडला. डास गटारातून ‘उत्पन्न होतात’ असे समजणारी मुले ते पाहताना अक्षरशः गप्प झाली.

मग मुले घरोघर निघाली. “मावशी, तुमच्या पिंपात पाहू का?” “पाहा बाबा, पण पाणी सांडू नका. नळ कधी येईल त्याचा नेम नाही.” मावशींचे म्हणणे खोटे नव्हते. पाणी जपून ठेवणे हा आपल्या बायकांचा अडाणीपणा नव्हे, ती गरज आहे. तेव्हा मुलांनीच तोड काढली. पिंपाला कापड बांधायचे, पाणी वापरून संपवायचे आणि आठवड्यातून एकदा रिकामे पिंप आतून घासायचे. घासायचे अशासाठी की डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीलाच चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी ओतून दिले म्हणजे झाले असे आम्हांलाही वाटत होते. ते अपुरे आहे. भिंतीवरची सूचना वाचून जे घडले नाही ते बरणी दारात नेऊन दाखवल्यावर घडले.

पण नवव्या दिवशी एका लहान मुलीने विचारले, “आपण पंचशील घेतो ना? मग ह्यांना मारायचं का?” आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल करतो. बरणीतले डास सोडून देणे म्हणजे वस्तीवर अन्याय, आणि मारायचे तर रोज सकाळी म्हणतो त्या पहिल्या शीलाचे काय? आम्ही ग्रंथाकडे वळलो. बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, तो मुलांना सांगितला. मग मुलांच्या देखत बरणीत कडकडीत पाणी ओतले. लपून ओतले नाही. ती मुलगी म्हणाली, “मग पुढच्या वेळी अंडीच घालू द्यायची नाहीत.” आमच्या मते त्या प्रश्नावर याहून चांगले उत्तर नाही.

आमच्या हातून एक चूकही झाली, ती सांगितली नाही तर हे भाषण खोटे ठरेल. ‘हात लावा, हात लावा’ असे म्हणता म्हणता एका मुलाने कुंपणाच्या झुडपातले बुलबुलाचे घरटे पिलांसकट उचलून आणले. आम्हांला दाखवायला, कौतुकाने. आम्ही ते लगेच जागेवर नेऊन ठेवले. पण पिले जगली नाहीत. तो मुलगा चार दिवस आला नाही. दोष त्याचा नव्हता. निर्जीव वस्तूला हात लावायचा आणि जिवंत प्राण्याला डोळे, हे आम्ही आधी सांगायला हवे होते. तेव्हापासून आमच्याकडे घरटे, अंडे, पिलू यांना हात लावायची बंदी आहे. पडलेले पीस, शिंपला, वाळके पान, सापाची कात हवी तेवढी पाहा, मोजा, काढा. पाहून झाले की पीस आणि कातही जागच्या जागी ठेवायची. वन्यजीवांबाबत १९७२ चा कायदाही आहे, हे मोठ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

डोळ्यांनी हात लावायला नांदूर मध्यमेश्वरसारखी जागा नाही. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्यात वर्षानुवर्षे गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी येऊ लागले. १९८६ साली ते अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत तेथील पाणथळ जागा रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातील ती पहिलीच. धरणात गाळ साचला तर आपण हळहळतो, पण इथे त्याच गाळावर पक्ष्यांचा संसार उभा आहे.

जाण्याआधी आम्ही विहारात एक खेळ घेतला. जुन्या चादरीवर स्वयंपाकघरातली आयुधे मांडली: सांडशी, चिमटा, चहाची गाळणी, चमचा, कपडे वाळत घालायचा चिमटा. समोर शेंगदाणे, तांदूळ, मातीत खुपसलेल्या भिजवलेल्या शेवया, परातीतल्या पाण्यात बारीक चिरलेली कोथिंबीर. प्रत्येकाने एकच आयुध घ्यायचे. तीच त्याची चोच. मिनिटभरात कोणाचे पोट भरते ते मोजायचे. सांडशीवाल्याने शेंगा फोडल्या, पण कोथिंबिरीपुढे तो उपाशी राहिला. गाळणीवाला जिंकला. मग चापडगावच्या मनोऱ्यावरून थापट्या बदक दिसले. रुंद, चपटी चोच पाण्यात घालून ते पुढे पुढे सरकत होते. गाळणीवालाच ओरडला, “माझी चोच!” थापट्याच्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दात असतात, त्यांतून पाणी गाळले जाते. चमचा पक्षी अर्धवट उघडी चोच पाण्यात डावीकडे-उजवीकडे फिरवीत होता. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या पाणपक्ष्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात, हे ऐकून मुले खूप हसली. दुर्बीण एकच होती आणि तिच्यावरून दोन भांडणे झाली, तीही नोंदवतो.

तेथे चक्रवाकही होते, नारिंगी रंगाचे. ते हिवाळ्यात हिमालयापलीकडच्या थंड मुलखांतून येतात. हा पक्षी आपल्या ओळखीचा असायला हवा. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर पाचवा स्तंभलेख कोरविला. त्यात जे प्राणी मारू नयेत त्यांची यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, इतकेच काय मुंग्यांची राणीसुद्धा! मुलांनी ती नावे आपल्या पक्ष्यांच्या यादीशी ताडून पाहिली आणि चक्रवाकापुढे लाल पेन्सिलीने खूण केली. जुने कवी म्हणतात की चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून दुरावते. मुलांनी विचारले, “खरं का?” आम्ही रात्री तेथे थांबलो नव्हतो. म्हणून वहीत तो प्रश्न तसाच ठेवला आहे. केसपुत्ताच्या कालामांना भगवंतांनी हेच सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. आपण धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणतो, त्याचा अर्थ ये आणि पाहा. मुलांना तो शब्द पाठ होता. मनोऱ्यावर उभे राहून त्यांनी तो पहिल्यांदा समजून म्हटला.

यंदाही ६ डिसेंबरच्या अभिवादनानंतरच्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरला जायचे ठरले आहे. पहाटे पाच वाजता विहारासमोर जमावे. जुनी वही, पेन्सिल, डबा आणि पाणी आणावे. भडक रंगाचे कपडे नकोत, मोबाईलची गाणी नकोत. कोणाकडे पडून असलेली दुर्बीण असेल तर एका दिवसापुरती द्यावी, परत मिळेल. पालकांनीही यावे, गेल्या खेपेस दोनच आया आल्या होत्या आणि परतताना प्रश्न त्यांचेच जास्त होते. जयभीम!