नागसेनवन पाहून आल्यावर

(मंडळाच्या वर्धापनदिनी डाळज येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सहलीचा वृत्तान्त सांगावा, पण आटोपशीर सांगावा, अशी सूचना आपल्या सेक्रेटरींनी आम्हास केली आहे. आम्ही पडलो बँकेतले लिपिक. आकडे आटोपशीर मांडता येतात, बोलणे जमेलच असे नाही. मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

अजिंठा-वेरूळची सहल आपल्या मंडळास नवी नाही. यंदा आम्ही तिच्यात एक दिवस वाढवून मागितला. शनिवारी अजिंठा, रविवारी वेरूळ आणि सोमवारी नागसेनवन. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात आणि कॉलेज मात्र चालू असते, म्हणून हा क्रम. एकंदर तेवीस माणसे होती. चौदा दहावी-बारावीची मुलेमुली आणि बाकी पालक. भिगवण, राशीन, कर्जत, मिरजगाव, नगर असा रस्ता धरून आम्ही औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास पोहोचलो. नगरचेही आता अहिल्यानगर झाले आहे, पण जुन्या सवयीने तोंडात जुनीच नावे येतात.

मुलांना कॉलेज दाखवायला एवढ्या लांब कशाला न्यायचे, असे पुष्कळांनी विचारले. बारामतीस १९६२ पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, इंदापुरासही कॉलेज आहे, आपली मुले यष्टीने रोज जातात-येतात. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे.

आम्ही बारावी होऊन कॉलेजात गेलो तेव्हा त्या कॉलेजाचे फाटकसुद्धा पूर्वी पाहिलेले नव्हते. नाव घेत नाही, त्याची जरूर नाही. खिडकीपाशी गेलो तर आतल्या गृहस्थांनी गुणपत्रिका पाहिली आणि म्हणाले, "आर्ट्स ना? ती रांग तिकडं." ती रांग भिंतीच्या कडेने उन्हात होती. आर्ट्स म्हणजे ज्याला दुसरीकडे कोठे घेतले नाही त्याची जागा, हे आम्ही त्या दिवशी शिकलो, आणि ते डोक्यातून जायला फार वर्षे लागली. पहिले वर्षभर तर ग्रंथालय प्राध्यापकांसाठी असते अशीच आमची समजूत होती. दारावर लिहिलेले नव्हते, पण आत जा असेही कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या वर्षी एका मित्राने हाताला धरून आत नेले. ते एक वर्ष आम्हाला परत मिळालेले नाही.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, प्रवेशाआधी मुलाला आणि आईबापांना कॉलेज दाखवण्याची पद्धत आहे. तेथला एखादा शिकणारा विद्यार्थीच वर्ग, ग्रंथालय, खाणावळ, वसतिगृह असे सारे हिंडवतो. आम्ही तिकडे गेलेलो नाही, वाचलेले सांगतो. तिकडे अशी लहान लहान कॉलेजेही आहेत, जेथे भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, थोडे विज्ञान असे सगळे एकत्र शिकवतात. ओबर्लिन नावाच्या कॉलेजाने १८३५ साली काळ्या विद्यार्थ्यांना दार उघडले, तेव्हा त्या देशात गुलामगिरी चालू होती. मार्टिन ल्यूथर किंग अटलांटाच्या मोरहाउस या काळ्यांच्या कॉलेजातून १९४८ साली समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले. म्हणजे त्यांच्याही चळवळीचा माणूस आर्ट्सवालाच.

आपल्याकडे अशा प्रकारचे आणि आपल्या हक्काचे कॉलेज पाहायचे तर नागसेनवनाखेरीज दुसरे कोणते पाहणार?

थोडा इतिहास सांगतो. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्यानंतर त्यांनी औरंगाबादकडे लक्ष वळवले. तो मुलूख निजामाच्या राज्यातून १९४८ च्या सप्टेंबरात मोकळा झाला होता. तेथल्या मुलाला पदवीपर्यंत शिकायचे म्हणजे हैदराबाद गाठावे लागे, आणि गरिबाच्या, त्यातून आपल्या मुलाला ते कोठून जमणार? १९५० च्या जूनमध्ये कॉलेज सुरू झाले. इमारतीची कोनशिला त्यानंतर, १ सप्टेंबर १९५१ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. आधी वर्ग आणि मग इमारत, हा क्रम ध्यानात घ्यावा. आपल्या विहाराच्या पत्र्यासाठी आपण तीन वर्षे अभ्यासिका थांबवली आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले आणि १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. पुढे डॉ. म. ना. वानखडे, डॉ. गंगाधर पानतावणे अशी माणसे तेथे शिकवायला होती. पानतावणे सरांचे 'अस्मितादर्श' त्याच वातावरणातून निघाले. दलित साहित्य म्हणून जे आज विद्यापीठांत शिकवले जाते, त्याचे एक मोठे बी या आवारात पडलेले आहे, आणि ते पेरणारी मंडळी पुष्कळशी आर्ट्सचीच होती.

आम्ही आधी पत्र पाठवून परवानगी घेतली होती. सकाळी दहाच्या सुमारास आत शिरलो. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी, परभणीकडच्या खेड्यातला, आम्हाला हिंडवायला आला. आवार झाडांनी भरलेले. वन हे नाव उगीच दिलेले नाही. येथे झाडे लावण्याविषयी बाबासाहेबांचा फार आग्रह असे, हे तेथला प्रत्येकजण सांगतो. आर्ट्स, सायन्स, कॉमर्स, लॉ, शाळा, वसतिगृहे असे सगळे त्या एका आवारात आहे. आपल्यातला एक दहावीचा मुलगा तासभर चालून दमला आणि म्हणाला, "दादा, यातलं कॉलेज नेमकं कुठलं?" सगळे हसले. तो विद्यार्थी मात्र हसला नाही. त्याने मुलाला मिलिंद राजा आणि भन्ते नागसेन यांची रथाची गोष्ट सांगितली. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, असे भन्ते विचारीत जातात आणि राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते, ती गोष्ट. मग म्हणाला, "आमच्या सरांनी पहिल्याच तासाला हीच सांगितली होती." आपला मुलगा बराच वेळ गप्प होता. परतीच्या वाटेवर गाडी आस आहे की चाक, हे त्याने ड्रायव्हरला विचारून भंडावून सोडले, ते वेगळे.

मिलिंद हे नाव का, तेही त्याने सांगितले. मिलिंद हा ग्रीक राजा, मोठा वादपटू. सगळ्यांना हरवीत आलेला. नागसेनांपुढे त्याचे प्रश्न संपले तेव्हा त्याने राजेपण आड न आणता हार मान्य केली. कॉलेजाला नाव शिकवणाऱ्या भिक्खूचे न देता प्रश्न विचारणाऱ्याचे दिले, आणि भिक्खूचे नाव भोवतालच्या वनाला. आम्ही बी.ए. होऊन इतकी वर्षे झाली, पण आमच्या हे कधी ध्यानात आले नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आपल्यातली एक मुलगी, नाव सांगत नाही, ती येथेच बसलेली आहे, यंदा बारावी झाली. गुण बरे आहेत, इतिहासाची आवड आहे. वडील भिगवणच्या मासळी बाजारात वजनकाट्यावर असतात. ते सहलीला आले तेच मुळी नाराजीने. नगरपर्यंत त्यांचे एकच चालले होते, "काय करायचं तिनं बी.ए. होऊन? बँकेत पासबुकं छापायची?" आणि मग आमच्याकडे पाहून, "तुम्हास्नी नाही म्हणत, साहेब." आम्हालाच म्हणत होते, आणि आम्हाला राग आला नाही. आम्ही खरोखरच पासबुके छापतो.

ग्रंथालयात सगळे गेलो. मुलांनी कपाटे पाहिली, पाच मिनिटांत पाहून झाली, बाहेर आलो. पुढे मैदानाशी मोजणी केली तर बावीसच माणसे. ती मुलगी नव्हती. वडील शोधायला मागे गेले, आम्हीही मागोमाग गेलो. ती कपाटाशी उभी राहून वाचीत होती. तिथल्या ताईंनी तिला कपाट उघडून दिले होते आणि बसायला खुर्चीही दिली होती, पण खुर्ची तशीच रिकामी. वडील दारात थांबले. हाक मारतील असे आम्हास वाटले. त्यांनी मारली नाही. पायातल्या चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभे राहिले. दहा मिनिटे गेली असतील.

मुलीच्या आईने मात्र त्या विद्यार्थ्याला गाठून कामाचे विचारले. मुलींच्या वसतिगृहाचे दार रात्री किती वाजता लागते, किल्ली कोणाकडे असते, पाणी वर चढते का. आमच्या डोक्यात यातला एकही प्रश्न आला नव्हता. पुढच्या वर्षी जी समिती जाईल तिच्यात निम्म्या बायका असाव्यात, ही आमची सूचना लिहून घ्यावी.

दुपारी विद्यापीठाच्या दाराशी गेलो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत काय काय सोसले गेले ते येथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. एका विद्यापीठाच्या नावासाठी माणसे घरेदारे गमावतात आणि त्याच समाजात आपण मुलीला विचारतो, बी.ए. होऊन काय करणार?

बाबासाहेब एल्फिन्स्टनमधून १९१२ साली काय झाले? बी.ए. झाले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियास गेले तेथे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हेच विषय घेतले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा रिझर्व्ह बँक नव्हती, ती १९३५ साली आली. आम्ही दिवसभर ज्या नोटा मोजतो त्यांचा विचार ज्यांनी बारा वर्षे आधी केला, ते आर्ट्सचे विद्यार्थी होते. हे आम्हाला काउंटरवर बसून उशिरा उमगले.

आणि आता आमची चूक. गेल्या वर्षी याच व्यासपीठावर ठराव झाला की मंडळाच्या शिक्षण निधीतून फक्त आय.टी.आय., नर्सिंग, डिप्लोमा, इंजिनीअरिंग अशा धंदेशिक्षणाच्या मुलांनाच मदत द्यावी. त्या ठरावाला अनुमोदन आम्ही दिले आहे. कार्यवृत्तात आमचे नाव आहे. निधी थोडा, मुले जास्त, नोकरी लवकर लागली पाहिजे, हा विचार खोटा नव्हता आणि आजही नाही. आय.टी.आय. झालेल्या मुलाला आम्ही कमी लेखत नाही. आमचा सख्खा पुतण्या वायरमन आहे आणि आमच्याहून जास्त मिळवतो. पण ज्याची ओढ इतिहासाकडे आहे त्याला आपण 'ती रांग तिकडं' असे म्हटले. खिडकीतल्या त्या गृहस्थांनी आम्हाला म्हटले होते तेच आम्ही हात वर करून म्हटले.

पैशाबद्दल बँकेतला माणूस म्हणून दोन शब्द. शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आर्ट्सलाही आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अर्ज ऑनलाइन भरतात, परंतु पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, आणि नेमके तेच खाते पुष्कळांचे जोडलेले नसते. मग आई कामाचा खाडा करून तीन-तीनदा काउंटरवर येते. खाते आधी जोडून घ्या, ज्यांना कळत नसेल त्यांनी रविवारी आमच्या घरी कागद घेऊन या. शिष्यवृत्ती हाती पडायला उशीर होतो, आणि मुलाला डबा तर पहिल्या दिवसापासून लागतो. मंडळाचा निधी त्या मधल्या महिन्यांसाठीच कामाला येतो.

परतताना राशीनच्या पुढे अंधार पडला. मुलीचे वडील पुढच्या सीटवरून उठून आमच्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "साहेब, तिथं डब्याचं महिन्याला किती पडंल?" आम्ही त्या विद्यार्थ्याकडून लिहून आणलेला कागद त्यांना दिला. तो त्यांनी घडी करून वरच्या खिशात ठेवला.

अध्यक्ष महोदय, आजच्या विषयपत्रिकेत पाचव्या क्रमांकावर निधीच्या नियमातील 'फक्त धंदेशिक्षणासाठी' हे शब्द गाळण्याचा ठराव आहे. सूचक म्हणून खाली आमची सही आहे. अनुमोदकाची जागा अजून मोकळी आहे. पाचवा विषय येईपर्यंत जेवणाची वेळ होते आणि माणसे उठतात, हा आपला दरवर्षीचा अनुभव आहे. म्हणून तो आताच, हिशेबाच्या आधी घ्यावा, एवढी विनंती करून आम्ही खाली बसतो. जयभीम.