चित्रामागचे नाव

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त भरविलेल्या छायाचित्र-प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



माणूस जातो, चित्र उरते, असे आपण सहज म्हणतो. त्या चित्रात माणसाचे नेमके किती उरते, याचा आज थोडा विचार करू.

आपल्या बडोद्यात उत्तरायुष्य व्यतीत केलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याचा उत्सव आणि गांधीजींचा अंत्यविधी, दोन्ही त्यांनी टिपले. घटना घडत असताना तेथे हजर असणे, हे छायाचित्राचे बळ.

त्याची मर्यादाही त्यातच आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर रघु राय यांनी दफन होत असलेल्या एका बालकाचा चेहरा टिपला. तो चेहरा जगभर पोहोचला. बालक मात्र छायाचित्राच्या शीर्षकातही अनामिकच राहिले. ते कोणाचे होते, काय खेळत होते, हे कॅमेरा सांगू शकला नाही.

त्याच सुमारास बडोद्याच्या चित्रकार नीलिमा शेख यांनी ‘चंपा मोठी झाली तेव्हा’ ही बारा चित्रांची मालिका रंगविली. त्यांच्या माहितीतील एक मुलगी हुंड्यापायी बळी गेली होती. सासरच्या बंद दाराआड कोणताही कॅमेरा नव्हता. लघुचित्रपरंपरेचा आधार घेऊन शेख यांनी चंपाचे बालपण, विवाह, छळ आणि मृत्यू क्रमाने मांडले. केवळ मृत्यू रंगविला असता, तर ती एक बातमी ठरली असती. आधी तिचे बागडणे दिसते, म्हणून काय हरपले ते उमगते.

आपल्या शाळेच्या जुन्या समूहचित्रांनाही हीच जोड हवी आहे. अनेक चित्रांत पुढच्या रांगेतील शिक्षकांची नावे आहेत. मागच्या रांगेतील मुलांची नाहीत, घंटा देणाऱ्या शिपाईमामांचेही नाही. ती सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : प्रत्येक चित्राखाली कोरा कागद लावला आहे, ओळखीच्या चेहऱ्याचे नाव आणि त्याची एखादी आठवण तेथे लिहा. विद्यार्थिमित्रहो, ज्यांचे हात लिहिताना थरथरतात, त्यांचे लेखनिक तुम्ही व्हा.

शताब्दीला हे चेहरे पाहणाऱ्यांना ‘हे कोण?’ असे विचारावे लागू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.