पाहुणा आपल्या अंगणात आला पाहिजे



कुरटे बेटावर शिवरायांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला. भोवती खारा समुद्र, आत गोड्या पाण्याच्या विहिरी. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २०२५ साली किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला. पाहुणा येतो, किल्ला पाहतो, तारकर्लीच्या वाळूत बसतो, निघून जातो. त्यातलं बागायतदाराच्या हाती काय पडतं?

मी शेतकी पदवीधर, हिशेब मांडते. मे महिन्यात पाहुण्यांची गर्दी, तेव्हाच आपला हापूस आणि रतांबे पिकतात. आपण मात्र आंबा दलालाकडे धाडतो आणि रतांबे झाडाखाली सडू देतो. गिऱ्हाईक दारावरून जातं, आपण बाजार लांब शोधतो.

धामापूरचा तलाव १५३० सालचा. शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधलेला. २०२० साली जागतिक सिंचन वारशाच्या यादीत त्याचं नाव लागलं. तो पाहायला येणाऱ्याला तुमची बागही दाखवा. अंगणात बसवा, कोकमाचं सरबत द्या, घावणे वाढा. दर तुम्ही सांगा.

जमीन मात्र विकू नका. विकलीत, तर उद्या त्याच अंगणात दुसऱ्याच्या पाहुण्याला पाणी द्यायला उभे राहाल.