कच्चे घर, पक्के घर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण सगळ्यांनी मिळून शाळेला एक वाचनखोली बांधून द्यायची, एवढे ठरले आहे. ती कशी बांधायची यावर मात आपल्यात दोन मते आहेत. एक मत आरसीसीचे कॉलम, विटांच्या भिंती आणि वर स्लॅब असे. दुसरे मत माती, कारवी, बांबू आणि भाताचा पेंढा यांचे. मी सिव्हिल इंजिनिअर, आयुष्यभर सिमेंट-काँक्रीटच्या कामावर पोट भरलेला माणूस. दुसऱ्या मताची बाजू मी मांडणार हे कळल्यावर काही जण हसले. हसू द्या. मला पंधरा मिनिटे दिली आहेत, तेवढ्यात मी हिशेब मांडतो. निर्णय तुम्ही करायचा.

सुरुवात दोन शब्दांपासून करतो : कच्चे आणि पक्के. सरकारी गणनेत घराच्या भिंती कशाच्या आहेत असे विचारतात. माती, गवत, बांबू म्हटले की घर ‘कच्चे’, वीट-सिमेंट म्हटले की ‘पक्के’. आपल्या वर्गात पाड्यावरून चालत येणारी मुले होती. त्यांची घरे कच्ची आणि स्टेशनजवळच्या चाळी पक्क्या, असे आपण सगळे धरून चाललो होतो. घर कशाचे, यावरून घरातल्या माणसांची किंमत ठरत होती, आणि ती मुले ते निमूट ऐकून घेत होती.

आता ते ‘कच्चे’ घर बांधतात कसे ते पाहू. मेढी रोवून वर आढे आणि वासे. मेढींच्या मधल्या जागेत कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांना बांधायच्या, हा झाला कूड. त्यावर दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताचा तूस किंवा बारीक केलेला पेंढा यांचे लिंपण. वर पेंढा किंवा कौले. कारवी आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात भरपूर वाढते. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. म्हणजे घराच्या भिंतीसाठी जुने झाड पाडावे लागत नाही. याच भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने वारली चित्रे काढली गेली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ती चित्रे आज मुंबईच्या हॉटेलांत आणि विमानतळावर दिसतात. चित्र आपण भिंतीवरून उचलले, चौकटीत घातले, मोठ्या किमतीला विकत घेतले. ज्या भिंतीवर ते जन्मले ती भिंत मात्र कच्चीच राहिली.

या लिंपणातल्या पेंढ्याचे काम काय? ओली माती वाळताना आकसते आणि तडकते. पेंढ्याचे तंतू ती धरून ठेवतात. काँक्रीटमध्ये सळई जे काम करते तेच, लहान प्रमाणावर. शिवाय पेंढ्याच्या नळ्या पोकळ, त्यात हवा कोंडलेली. त्यामुळे उष्णता लवकर आत येत नाही. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बसून पाहा आणि मग कुडाच्या घराच्या पडवीत बसून पाहा. मला आकडे सांगायची गरज पडणार नाही.

पेंढ्याच्या गाठी रचून घर बांधायची कल्पना अमेरिकेतली. तिथल्या नेब्रास्का राज्यात वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. लाकूड नाही, दगड नाही, गवत मात्र मैलोगणती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला गवत दाबून चौकोनी गाठी बांधणारी यंत्रे आली, आणि लोकांनी त्याच गाठी विटांसारख्या रचल्या. नोंद सापडते अशी तिथली पहिली इमारत १८८६-८७ च्या सुमाराची, आणि ती होती एका खोलीची शाळा! तिला गिलावा केला नव्हता, कुंपणही नव्हते. पुढे १९०२ साली बातमी आली की शाळा गाईंनी खाऊन टाकली. पण त्याच राज्यात आर्थर या गावी १९२८ साली गाठींचेच चर्च बांधले, त्याला आतून-बाहेरून गिलावा केला, आणि ते अजून उभे आहे. सामान एकच. फरक गिलाव्याचा आणि निगेचा. मला आज जे सांगायचे आहे ते या दोन इमारतींत सगळे आले.

गाठी आपल्याला काही नव्या नाहीत. डहाणू-तलासरी भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचे. गवत कापणारे वारली, वखारी व्यापाऱ्यांच्या. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी लढा दिला, त्यात पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मिळावी ही मोठी मागणी होती. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकात तो इतिहास आहे. वाचनखोली झाली की तिथे ठेवायचे पहिले पुस्तक ते असावे, अशी माझी सूचना आहे.

आता विटांकडे येतो. आठवून पाहा. दिवाळीची सुट्टी संपली की वर्गातले काही बाक रिकामे दिसायचे. ती मुले आई-बापांबरोबर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असत आणि पावसाळा जवळ आला की परतत. काही परत शाळेत बसलीच नाहीत. आज या मेळाव्याच्या यादीत त्यांची नावे नाहीत, कारण त्यांचा दहावीचा निकालच लागला नाही. आपण ज्यांना पक्की घरे म्हणतो त्यांच्या विटा त्या हातांनी थापल्या, आणि थापताना ती कुटुंबे भट्टीशेजारी झोपडीत राहिली. वीट भाजायला शेतातली वरची माती जाते आणि कोळसा जळतो. सिमेंटचे तर जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के. वीट वापरूच नका असे मी म्हणत नाही. माझे घर विटांचेच आहे. पण शाळेसाठी आपण जे बांधू त्याची पूर्ण किंमत मोजताना हीसुद्धा मोजावी.

आता समोरून येणाऱ्या हरकती. त्या खऱ्या आहेत, म्हणून एकेक घेतो.

पहिली पावसाची. आपल्याकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, वर खारी दमट हवा. गाठींच्या भिंतीत ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की पेंढा कुजायला लागतो. नेब्रास्कात पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. म्हणून स्पष्ट सांगतो, गाठींच्या भिंतींची अख्खी खोली मी इथे सुचवणार नाही. पेंढ्याच्या गाठी तिथल्या मातीचे उत्तर, कूड आपल्या मातीचे. कुडाची भिंत पातळ, ओली झाली तरी दोन्ही बाजूंनी वाळते, आणि खराब झालेला तुकडा तेवढाच काढून पुन्हा लिंपता येतो. पण तिलाही दोन गोष्टी लागतात : डोक्यावर इरले आणि पाय कोरडे. म्हणजे काळ्या दगडाचे अडीच-तीन फूट उंच जोते, आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील अशी चार फुटांची वळचण. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, त्या बाजूला पडवी.

दमट हवेत मातीची शाळा टिकते का? बांगलादेशात दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर नावाचे गाव आहे. तिथे २००५ साली ॲना हेरिंगर या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी गावकऱ्यांच्या हातांनी दुमजली शाळा बांधली. खाली विटांचा पाया, त्यावर ओल न चढू देणारा प्लास्टिकचा थर, मग गुरांनी तुडवलेल्या माती-पेंढ्याच्या जाड भिंती. वरचा मजला बांबूचा. २००७ साली तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तिथला पाऊस काही आपल्यापेक्षा दयाळू नाही.

दुसरी हरकत आगीची. सुटा पेंढा भुर्रकन पेटतो, खरे आहे. म्हणून उघड्या पेंढ्याचे छप्पर शाळेवर नको, कौले हवीत. पण मातीत कालवलेला, वरून लिंपलेला पेंढा पेटत नाही, कारण त्याला हवा मिळत नाही. गिलावा केलेल्या गाठींच्या भिंती प्रयोगशाळेतल्या अग्निपरीक्षेत तासभर आणि त्याहून जास्त टिकल्या आहेत. अमेरिकेच्या २०१५ च्या निवासी बांधकाम संहितेत त्यांच्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे.

तिसरी वाळवी आणि भुंगा. बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वापरायचा. मेढ जमिनीत न गाडता दगडी उथळ्यावर बसवायची. मातीची भिंत जमिनीला टेकू द्यायची नाही. इतके केले तर वाळवीला चढायला वाट राहत नाही, आणि चढली तरी डोळ्यांना दिसते.

चौथी हरकत सगळ्यांत गंभीर, भूकंपाची. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले. धुंदलवाडी, दापचरीकडची माणसे थंडीत घराबाहेर तंबूत झोपली. इथे मातीच्या बाजूने आंधळेपणाने बोलून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जी हजारो माणसे गेली ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या माळवदाखाली गेली. तेही नैसर्गिक सामानच होते. पण वजन वर, आणि भिंतींना एकमेकींशी बांधणारे काही नाही. उलट आसामात १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर लाकडी सांगाडा आणि त्यात बोरूचा कूड अशी हलकी घरे रूढ झाली. ती लवतात, हलतात, पण माणसांवर कोसळत नाहीत. आपले कुडाचे घर त्याच जातीचे. म्हणजे सुरक्षितता ठरते ती वजनावर आणि बांधणीवर. चुकीची बांधलेली स्लॅबही मारते. मातीच्या घरांना भूकंपात तग धरता यावा म्हणून भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३८२७ हे मार्गदर्शक मानक १९९३ पासून आहे. शाळा ही मुलांची जागा, तेव्हा सांगाड्याचे गणित तज्ज्ञ स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून, रीतसर परवानगी घेऊनच हात लावायचा. यात तडजोड नाही.

कोणी म्हणेल, हे पुस्तकी झाले. त्यांनी वाडा तालुक्यात गालतरे येथे जाऊन यावे. तिथल्या गोवर्धन इको व्हिलेजमध्ये दाबून केलेल्या मातीच्या, न भाजलेल्या विटांच्या इमारती आहेत. आपल्याच जिल्ह्यातला पाऊस त्यांच्यावर पडतो. किंवा वर्ध्याला सेवाग्रामची बापू कुटी पाहावी. माती, बांबू, कौले. ऐंशीच्या वर पावसाळे तिने पाहिले. ती टिकली कारण दरवर्षी कोणीतरी तिची निगा राखते.

आणि इथेच खरा प्रश्न येतो. स्लॅबची खोली आपण पैसे देऊन बांधू, फीत कापू आणि आपापल्या घरी जाऊ. कुडाच्या खोलीला दरवर्षी हात लागेल. पावसाळ्याआधी कौले चाळायची, दिवाळीनंतर भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची. तेवढे करायची आपली तयारी नसेल तर माझे मत मागे घेतो, खुशाल स्लॅब टाका. निगा न राखलेली मातीची खोली चार पावसाळ्यांत पडेल, आणि मग सगळे म्हणतील, पाहिलेत, कच्चे ते कच्चेच. पाड्यावरच्या मुलांना ते पुन्हा एकदा ऐकावे लागेल.

तयारी असेल तर माझा प्रस्ताव असा. पेंढा भातकापणीनंतर, कोरडा असताना घ्यायचा आणि झाकून ठेवायचा. जानेवारीत जोते, फेब्रुवारीत सांगाडा आणि लगेच छप्पर. आधी छप्पर, मग भिंती, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी माती भिजणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये कूड आणि लिंपण, मे महिन्यात वाळायला उसंत. जोते, सांगाडा आणि कौले यांवर पैशात कंजुषी करायची नाही. स्वस्त पडेल म्हणून हे करू नका. सिमेंटचा खर्च वाचेल तो मजुरीत जाईल. पण तो पैसा दूरच्या कारखान्यात न जाता इथल्या माणसांच्या हातात पडेल.

आणि ही माणसे कोण असावीत? कूड विणणारे, लिंपण करणारे हात अजून पाड्यांवर आहेत, बहुतेक साठीच्या पुढचे. घरकुले आली, डोक्यावर पाणी गळेनासे झाले, त्याचा आनंदच आहे. पण नवी कुडाची घरे थांबली की शिकणारे हातही थांबतात. या कारागिरांना आपण मजूर म्हणून न बोलावता शिक्षक म्हणून बोलावू. पूर्ण रोज देऊ, आणि आठवी-नववीची मुले त्यांच्याकडून शिकतील. त्यांतले काही तर आपलेच वर्गमित्र असतील, जे दिवाळीनंतर परत आले नाहीत. त्यांना या शाळेत बोलवायला याहून चांगले निमित्त मला सुचत नाही.

मुलांचा मला एकच फायदा हवा आहे. पाड्यावरून येणारी मुलगी वाचनखोलीत शिरेल तेव्हा तिला ती भिंत ओळखीची वाटावी. तिच्या आजीला जे येते ते इंजिनिअरलाही शिकावे लागते, हे तिला कळावे.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. स्लॅबच्या बाजूचे मित्रही त्यांचा हिशेब मांडतील, तोही असाच नीट ऐकावा. मी वर्षातून दोन रविवार या खोलीच्या निगेसाठी लिहून देतो. ज्यांना आणखी रविवार देता येतील त्यांनी वर्गप्रमुखांकडे नावे द्यावीत. किती नावे येतात त्यावरूनच कुठली खोली बांधायची ते ठरवू या.