पाच टनांचा हिशेब

(रेडिओवरील भाषण)



बार्शी लाइट रेल्वेची ओळख लातूरकरांना मी करून द्यावी असं काही नाही. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी, १९११ साली लातूर, १९२७ साली पलीकडं मिरज, अशी ही अडीच फुटी गाडी वाढत गेली. १९५४ साली सरकारनं घेतली आणि पुढं मोठ्या रुळांनी तिची जागा घेतली. हे सगळं ठाऊक आहे असं धरून मी थेट इंजिनाकडं येतो. तेही सगळ्या नव्हे, पहिल्या पाच इंजिनांकडं. लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधलेली, ‘ए’ वर्गाची इंजिनं.

एवढाच विषय का? बार्शी लाइटचं नाव काढलं की आपल्याकडं लोक हसायला लागतात म्हणून. चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातला हरभरा उपटायचा आणि पळत जाऊन मागचा डबा धरायचा, हा किस्सा ज्याच्या त्याच्या तोंडी. किस्सा सांगा, माझी हरकत नाही. पण ज्या इंजिनाला आपण हसतो त्याची मांडणी करताना किती विचार झाला होता, हे सांगणारा माणूस दहांत एक सापडत नाही. याचं मला वाईट वाटतं.

आता मुद्दा. इंजिन गाडी ओढतं ते कशाच्या जोरावर? वाफेच्या, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच उत्तर झालं. वाफ चाक फिरवते. पण चाकानं रूळ धरला पाहिजे, नाहीतर ते जागच्या जागी गरगरेल. आणि चाक रूळ धरतं ते वजनानं. म्हणून इंजिन जड हवं. पण इंजिन जड केलं की रूळ जाड हवा, पूल भक्कम हवा, भराव रुंद हवा. खर्च वाढला की कंपनी म्हणते, तुमच्या गावाला रेल्वे परवडत नाही. काळ्या मातीतली कितीतरी गावं या एका वाक्यापायी रेल्वेवाचून राहिली.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला. मुंबई-सोलापूरची मोठी लाइन बार्शी गावाला वीसएक मैल लांबून टाळून गेलेली. बार्शीची पेठ कापसाची, धान्याची. चहूबाजूंनी निजामाचा मुलूख आणि बालाघाटावरून उतरणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा. इथं रेल्वे आणायची तर ती स्वस्तच हवी, हे त्यानं ओळखलं. मग त्यानं हिशेब उलट्या टोकानं धरला. इंजिन ठरवून त्याला पेलेल असा रूळ शोधत बसला नाही. आधी रूळ ठरवला, एका यार्डाला तीस पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला पंधरा किलो. आजच्या मुख्य लाइनींवर साठ किलोचा रूळ असतो, त्याच्या पाव. हा रूळ एका आखाचं, म्हणजे ॲक्सलचं, किती ओझं सोसेल? पाच टन. झालं, पाच टन हा कायदा. इंजिन असो, माणसांचा डबा असो, कापसाच्या गाठींची वाघीण असो, कुठल्याही एका आखावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही.

हे पुन्हा सांगतो, कारण ऐकताना ते निसटतं. इंजिनाचं एकूण वजन किती हा प्रश्न रुळाला पडतच नाही. एका आखाखाली किती आलं, एवढंच रुळाला कळतं.

ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हे लगेच उमजेल. दहा पोती ज्वारीची गाडीत टाकायची आहेत. सगळी पुढं रचली तर गाडी धुरेला जड होते, जू बैलांच्या मानेवर बसतं, खांदे सोलतात. सगळी मागं रचली तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि चढावर बैलांच्या गळ्याला फास बसायची वेळ येते. पोती तीच, दहाच. जाणता गडी काय करतो? दोन पोती टाकतो, धुरा हातानं उचलून बघतो, मग एखादं पोतं वीतभर मागं सरकवतो, पुन्हा उचलून बघतो. अगदी असंच काम कॅलथ्रॉपनं कागदावर केलं. फक्त त्याच्या गाडीला आख एक नव्हता, सहा होते आणि सहाही आखांवर सारखं ओझं पडायला हवं होतं. शिवाय गडी भरतो त्या गाडीतली पोती वाटेत कमी होत नाहीत. इंजिनातला कोळसा जळतो, पाणी आटतं. म्हणजे भरलेलं पोतं वाटेत रिकामं होत जावं आणि तरी गाडी उलाळ होऊ नये, असं हे कोडं.

त्यानं ते कसं सोडवलं? पुढं आठ चाकं एकमेकांना दांड्यांनी जोडलेली, म्हणजे चार आख. ही ओढणारी चाकं. मागं चार छोटी चाकं, म्हणजे आणखी दोन आख, ती नुसती भार वाहणारी. चार आखांवर पाच-पाच टन म्हणजे रूळ धरायला वीस टन वजन मिळालं. हेच वीस टन दोन आखांवर टाकले असते तर रूळ वाकला असता. चारांत वाटले आणि त्याच हलक्या रुळावर दमदार इंजिन उभं राहिलं. मागच्या दोन आखांनी उरलेला भार घेतला. कोळसा-पाण्याला वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. कोळसा-पाणी इंजिनाच्याच अंगावर, कारण ते वजनसुद्धा चाकांखाली कामाला लावायचं होतं.

वाघिणींनाही हाच नियम. सगळ्यांना एकाच मापाचा सांगाडा, पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा. चार आख म्हणजे मालासकट वीस टन, त्यावर एक मणही नाही. मग माल जास्त न्यायचा कसा? वाघीण स्वतः हलकी करायची. पोलाद वापरलं ते याच्यासाठी, दिखाव्यासाठी नव्हे. सामान जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळच्या न्यूले गावी खास रूळ टाकून त्यानं ते लोकांसमोर चालवून दाखवलं.

बार्शीच्या अनुभवावर याच माणसानं पुढं इंग्लंडात, स्टॅफर्डशरमध्ये, १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे उभी केली. तिथली इंजिनंही किटसनचीच, आणि त्यांच्या कपाळावर आपल्याकडच्यासारखे मोठाले दिवे. बार्शीचा धडा विलायतेत गिरवला गेला, हे आपल्या पोरांना कोण सांगतं? पुढं तो पॅराशूटच्या मागं लागला. तिथंही प्रश्न वजन पेलण्याचाच. पण ती वाट लांबची आहे, आज नको.

नांदेडचे श्रोते म्हणतील, आमच्याकडं बार्शी लाइट कुठं होती? नव्हती. तुमच्याकडं निजामाची मीटर गेज, हैदराबादहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्यातली लाइन. मीटर गेजसाठी देशभर जे वायपी इंजिन ठरलं, त्याचे पहिले नमुने १९४९ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून आले आणि पुढं जमशेदपूरच्या टेल्कोनं ती १९७० पर्यंत बांधली. तिथंही आखाला साधारण साडेदहा टन ही मर्यादा आधी आणि इंजिन नंतर. आकडा दुप्पट झाला, विचार तोच राहिला.

आणि अगदी अलीकडचं बघा. २०१६ च्या एप्रिलमध्ये, दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. कुठल्या वाटेनं? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. म्हणजे जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेनं. एका टाकीत पन्नास हजार लिटर पाणी, म्हणजे पाण्याचेच पन्नास टन. चार आखांवर वाटले तर प्रत्येकावर साडेबारा, आणि टाकीचं वजन आणखी वेगळं. कॅलथ्रॉपच्या रुळांवर ही टाकी उभीसुद्धा करता आली नसती. रूळ बदलले, खालचा भराव बदलला, पूल बदलले, तेव्हा ते पाणी आलं. बादली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला याच्याशी काही घेणं नव्हतं, नसावंही. पण आमच्या तंत्रनिकेतनातल्या मास्तरांना असायला हवं होतं. ते गणित त्या आठवड्यात फळ्यावर मांडायला काय हरकत होती? लातूरच्या कारखान्यातून २०२० च्या डिसेंबरात रेल्वे डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. तिथं आमचीच मुलं नोकरी मागायला जाणार आहेत. त्यांना इतकं तरी विचारा, की एका आखावर किती? इंजिनाचं वजन किती, असं नका विचारू. आखावर किती, असं विचारा.

समोरून वेळ झाल्याची खूण होते आहे. स्प्रिंगांचं राहिलंच. सहा आखांवर सारखं वजन कागदावर आणणं वेगळं. रूळ एके ठिकाणी बोटभर खचला की एक चाक अधांतरी होतं आणि त्याचा भार शेजारच्यावर पडतो. मग तिथले पाच टन सहा होतात, सात होतात. तो भार वाटून घ्यायला स्प्रिंगांना जोडणाऱ्या तरफा असतात. त्या कशा बसवतात, कारखान्यात एकेक चाक काट्यावर घेऊन वजन कसं जुळवतात, हे सांगायला आकाशवाणीनं पुन्हा बोलावलं तर त्यासाठी वेगळा वेळ मागून घेईन. तोवर ज्यांच्या घरी कुर्डुवाडीच्या कारखान्यात काम केलेलं कुणी असेल त्यांनी त्यांना या तरफांबद्दल विचारून घ्यावं.