दुष्फेन पाणी आणि आपला संसार



वसंतातल्या व्याख्यानाला मंडळी येतात ती काव्य, इतिहास किंवा अध्यात्म ऐकण्यासाठी. मी आपल्यापुढे ठेवणार आहे तो विषय चहाच्या गंजाच्या बुडाशी बसणाऱ्या पांढऱ्या थराचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण या थराने आपल्या घरांत भीती शिरविली आहे आणि त्या भीतीची किंमत आपण दरमहा मोजतो आहोत. म्हणून त्याचा विचार चारचौघांत व्हावा असे मला वाटते.

ज्याला आपण जड पाणी म्हणतो, त्याला शालेय पुस्तकांत दुष्फेन पाणी म्हणतात. ज्यात साबणाला सहज फेस येत नाही ते दुष्फेन, येतो ते सुफेन. पावसाचे पाणी मुळात सुफेनच असते. ते हवेतून आणि मातीतून कर्बवायू घेते, थोडे आम्ल बनते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवीत खाली उतरते. जितके दिवस ते भूगर्भात राहील, तितके अधिक क्षार बहुधा त्याच्या पदरी पडतात. म्हणून एकाच गावात तळ्याचे पाणी हलके आणि खोल बोअरचे जड, असा अनुभव येतो. आपल्या गोंदिया शहराला नळाचे पाणी येते ते वैनगंगेवरील डांगोर्लीहून. नदी तीच, पण पावसाळ्यात तिच्यात पावसाचे पाणी असते आणि उन्हाळ्यात पात्र आटले की जमिनीतून पाझरणारे पाणीच तिला जगविते. ऋतूप्रमाणे नळाच्या पाण्याचा गुण थोडाफार बदलतो तो यामुळे. ज्या घरी नळाला बोअरची जोड आहे, तिथे तर एकाच दिवशी दोन तऱ्हांचे पाणी हौदात पडते.

आता हे पाणी घरात काय करते ते पाहू. साबण आणि कॅल्शियम यांची गाठ पडली की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. हिशेब साधा आहे. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या १५ लिटरच्या बादलीत फेस धरण्यापूर्वीच सुमारे २७ ग्रॅम शुद्ध साबण वाया जातो. म्हणजे अशा चार बादल्यांत शंभर ग्रॅमची वडी संपली आणि कपडा अजून धुतलाच गेला नाही! भारतात १९५९ साली सर्फची पूड आली आणि पुढे तसल्या अनेक आल्या. त्या या क्षारांना साबणासारख्या बळी पडत नाहीत. म्हणून नव्या पिढीला हे दुखणे तितकेसे ठाऊक नाही. पण अंगाच्या साबणाची गोष्ट अजून तीच आहे. न्हाल्यावर केस चरचरीत होतात, आणि दोष मात्र साबणाला मिळतो.

दुसरी तक्रार वरणाची. डाळीचे दाणे ज्या पेक्टिन नावाच्या द्रव्याने बांधलेले असतात, ते कॅल्शियममुळे घट्ट होते. म्हणून तास उलटला तरी डाळ गळत नाही आणि सासूबाई सुनेला बोल लावतात. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ गळते. पण त्याबरोबर ब जीवनसत्त्वाचाही काही अंश नाहीसा होतो. त्यापेक्षा डाळ आधी भिजवावी, आणि चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालावे. कारण आंबट पदार्थही तिला शिजू देत नाही. आणखी एक उपाय आहे. पाणी चांगले उकळून निवू द्यावे. कठीणपणाचा जो भाग उकळण्याने जातो, तो चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतो. मग वरचे पाणी हलकेच ओतून घ्यावे. तुरटीने मात्र हा कठीणपणा जात नाही, ती गढूळपणा काढते. क्लोरीननेही जात नाही, ते जंतू मारते. ज्याचे काम त्यानेच करावे.

तिसरी गोष्ट गिझरची. तापणाऱ्या कांडीवर चुनखडीचे कवच चढले की उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. वीज जास्त जळते आणि एक दिवस कांडीच जळते. हे कवच आम्लात विरघळते. आपल्या आजी तांब्याचा बंब चिंचेने घाशीत, त्यात हेच रसायनशास्त्र होते. आज लिंबूफूल गरम पाण्यात घालून किटली किंवा गंज तासभर ठेवावा. थर सुटून येतो.

इतका वेळ मी पाण्याचे दोष सांगितले. आता त्याच्या बाजूने एक शब्द बोलतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही शरीराला हवी असणारी द्रव्ये आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा असावा, आणि दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालावा. मुतखडा जड पाण्यानेच होतो असे आपण सर्रास बोलतो. ते सिद्ध झालेले नाही. उलट उन्हाळ्यात पाणी कमी पिणे हे मुतखड्याचे कारण डॉक्टर आवर्जून सांगतात.

मग भीती आली कुठून? आपल्यापैकी अनेकांनी एक प्रयोग पाहिला असेल. विक्रेता दोन पेले मांडतो. एकात घरचे पाणी, दुसऱ्यात यंत्राचे. दोहोंत विजेच्या कांड्या बुडवितो. घरचे पाणी बघता बघता तांबूस-काळे होते, यंत्राचे स्वच्छ राहते; आणि घरातली माउली हादरून जाते. श्रोतेहो, तो काळेपणा पाण्यातला नसतो, त्या लोखंडी कांडीचा असतो! क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून गंज उतरतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहतच नाही. त्या यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बघा, तेही तसेच काळे होईल. ज्यांच्या पाण्यात क्षार खरोखरच बेसुमार आहेत, त्यांना यंत्र लागेल. पण गरज नसता ते लावले, तर पिण्याच्या प्रत्येक घागरीमागे घागरभर, कधी त्याहून जास्त पाणी गटारात जाते. आणि तेही ज्या वैशाखात आपण टँकरची वाट पाहतो त्या वैशाखात!

खरी चिंता वेगळीच आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. त्याने दात डागळतात, हाडे वाकतात. गटार झिरपलेल्या विहिरीत नायट्रेट येते, कावीळ आणि हगवण यांचे जंतू येतात. यांपैकी कशाचाही पांढरा थर गंजाला बसत नाही. पाणी नितळ दिसते, चवीला गोडही लागते. थर दिसतो म्हणून आपण भितो, आणि थर नाही म्हणून निर्धास्त राहतो. ही दोन्ही अनुमाने चुकीची आहेत. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत अशी तपासणी होते. कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू, असे चारही विचारा. आणि कागद हाती आल्यावरच यंत्राचा विचार करा.

एक शेवटची गोष्ट. आपला हा भाग तलावांचा म्हणून ओळखला जातो. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते; तसे मालगुजारी तलाव गावोगावी आहेत. सर्वांत हलके पाणी आकाशातून फुकट पडते आणि या पूर्वजांनी ते अडविले. आपण तलाव गाळाने भरू दिले, शहरातल्या विहिरींत कचरा टाकला, आणि मग दोन-तीनशे फुटांखालून जड पाणी उपसून त्याला नावे ठेवू लागलो. येत्या पावसाळ्यात छपरावरचे पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, एका टाकीत साठवा. त्यात डाळ शिजवून पाहा, साबण लावून पाहा. माझ्या तासाभराच्या व्याख्यानाहून त्या एका गंजातले वरण आपल्याला अधिक पटवून देईल.